वारज्यापर्यंत आलेली गोळी

वारज्यात 1997 साली सिप्ला पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर सुरू झालं. आजार बरा होणार की नाही हा प्रश्न बाजूला ठेवूनही माणसाच्या वेदनेवर, मळमळीवर, धापेवर उपचार करता येतात आणि ते करायलाच हवेत, हा विचार पुण्यात रुजवणाऱ्या जागांमध्ये या केंद्राचं स्थान मोठं आहे. इथे कॅन्सरच्या रुग्णांकडून उपचाराचे पैसे घेत नाहीत. घरच्या माणसांनाही शिकवलं जातं, कारण रुग्ण शेवटी घरीच राहायचा असतो.

अशा उपचारात मॉर्फिन लागतं, हे आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. पण उपशामक उपचार करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला विचारा, रोज हाताशी लागणारं आणखी एक औषध ते सांगतील: डेक्सामेथासोन. बोलण्यात नुसतं ‘डेक्सा’. मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाची डोकेदुखी त्याने उतरते, अन्नावरची वासना परत येते, मळमळ थांबते. आणि तरीही या गोळीचं नाव काढलं की घरचे धास्तावतात. ‘स्टेरॉइड कशाला देताय?’ हा पहिला प्रश्न. चार दिवसांनी रुग्ण उठून बसला, दोन घास जास्त जेवला, की दुसरा प्रश्न येतो: ‘आता बरं वाटतंय, बंद करू का?’ माझ्या मते पहिल्यापेक्षा हा दुसरा प्रश्न जास्त जोखमीचा आहे. दोन्हींची उत्तरं एका ग्रंथीच्या इतिहासात आहेत, आणि तो इतिहास आपल्याकडे जवळजवळ कुणी सांगत नाही.

दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक अधिवृक्क ग्रंथी असते. डॉक्टर तिला अ‍ॅड्रिनल म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. सोळाव्या शतकात इटलीच्या बार्तोलोमेओ युस्ताकीने तिचं वर्णन करून ठेवलं, पण ती करते काय, याचा पत्ता पुढची तीनशे वर्षं कुणाला नव्हता. 1716 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या अकादमीने ‘या ग्रंथींचा उपयोग काय?’ यावर निबंधस्पर्धा जाहीर केली. आलेले निबंध वाचायचं काम तरुण माँतेस्क्यूकडे होतं, तोच पुढे राज्यशास्त्रात नाव झालेला. त्याला एकही निबंध बक्षिसाच्या लायकीचा वाटला नाही.

उत्तराची सुरुवात 1855 मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलात झाली. थॉमस अ‍ॅडिसन यांनी 11 रुग्णांची हकिगत छापली. माणूस दिवसेंदिवस गळत जातो, त्वचा काळवंडते, अन्न जात नाही, नाडी मंदावते आणि शेवटी तो जातो. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथी खराब झालेल्या सापडल्या, त्यातल्या अनेक क्षयाने खाल्लेल्या. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी जनावरांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या. जनावरं जगली नाहीत. म्हणजे ग्रंथी जगण्यासाठी आवश्यक आहे एवढं ठरलं. ती शरीराला काय देते, हे अजून शिल्लकच होतं.

ते काय, हे आज आपल्याला बऱ्यापैकी ठाऊक आहे. ग्रंथीच्या बाहेरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये, सगळं काम कोलेस्टेरॉलपासून सुरू होतं. ज्या कोलेस्टेरॉलच्या नावाने आपण दरवर्षी रक्त तपासून घेतो, तोच हा कच्चा माल. पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या आत त्याची शेपटी छाटली जाते आणि प्रेग्नेनोलोन तयार होतं. मग एकामागून एक एन्झाइमं त्यावर काम करतात. माल मायटोकाँड्रियातून बाहेर येतो, त्यात बदल होतात, आणि शेवटच्या पायरीला तो पुन्हा आत जातो. कॉर्टेक्सचे तीन थर आहेत आणि प्रत्येकाचं उत्पादन वेगळं. सर्वांत बाहेरच्या थरात मीठ-पाण्याचा तोल राखणारं अल्डोस्टेरॉन, मधल्या थरात कॉर्टिसॉल, आतल्या थरात पुरुषी संप्रेरकांची प्राथमिक रूपं, आणि ती स्त्रियांच्या शरीरातही तयार होतात.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. इन्शुलिनसारखी संप्रेरकं पेशीत साठवून ठेवलेली असतात आणि गरज पडली की सोडली जातात. अधिवृक्क ग्रंथीत कॉर्टिसॉलचा असा साठा नसतो. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीकडून एसीटीएच नावाचा निरोप येतो आणि त्या त्या वेळी कॉर्टिसॉल तयार होतं. पहाटेनंतर सर्वांत जास्त, मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत कमी. दिवसाला साधारण 10 ते 20 मिलिग्रॅम. मोठा ताप, अपघात, शस्त्रक्रिया असेल तर याच्या कितीतरी पट. आणि रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं झालं की पियुषिका आपला निरोप आवरता घेते. पुढचं सगळं या शेवटच्या वाक्यावर उभं आहे.

तयार झालेलं कॉर्टिसॉल बहुतांश रक्तातल्या एका प्रथिनाला चिकटून फिरतं. काम करतो तो उरलेला मोकळा भाग. तास-दीड तासात रक्तातलं निम्मं संपतं. संपतं म्हणजे यकृत ते मोडतं: रेणूच्या पहिल्या कड्यात हायड्रोजन घालून त्याचा जोर काढतं, मग त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून पाण्यात विरघळण्याजोगं करतं आणि मूत्रपिंडांच्या हवाली करतं. लघवीत जातं ते जवळजवळ सगळं असं मोडलेलं कॉर्टिसॉल. मूळ रूपात एक टक्काही जात नाही. पण तेवढ्याशा अंशावरूनच आजही निदान होतं. शरीरात कॉर्टिसॉल जास्त झाल्याचा, म्हणजे कुशिंग विकाराचा, संशय आला की चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये गोळा करायला सांगतात ती यासाठीच.

शास्त्रज्ञांनी ही संप्रेरकं आधी लघवीतूनच ओळखायला सुरुवात केली, याचं मला फार कौतुक वाटतं. 1931 मध्ये जर्मनीत अडॉल्फ ब्युटेनांट यांनी पोलिसांची सुमारे 15,000 लिटर लघवी आटवून, गाळून, त्यातून अँड्रोस्टेरॉनचे 15 मिलिग्रॅम मिळवले. चिमूटभरही नव्हे. 1934 मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत लघवीतून डीएचईए हे अधिवृक्काचं संप्रेरक सापडलं. शरीराने टाकून दिलेल्या अंशावरून शरीर काय करतं हे ओळखायचं, ही पद्धत पुढे दोन दशकं अंतःस्रावविज्ञानाचा मुख्य आधार होती.

आता अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावी, मेयो क्लिनिकमध्ये जाऊ. 1929 मध्ये फिलिप हेंच या संधिवाताच्या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला. तो स्वतःही डॉक्टर होता. आमवाताने आखडलेल्या त्या माणसाने सांगितलं की कावीळ झाली आणि सांधे दुखायचे थांबले; कावीळ उतरल्यावरही काही आठवडे बरं होतं. हेंच यांनी असे आणखी रुग्ण शोधले. गरोदरपणातही आमवात शांत होतो हे त्यांना दिसलं. शरीरातच असा काही पदार्थ असणार आणि या दोन अवस्थांत तो वाढत असणार, असं त्यांनी अनुमान केलं आणि त्याला ‘पदार्थ एक्स’ म्हटलं.

या काविळीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इतिहास सांगताना ती नुसती गमतीची आठवण म्हणून येते. यकृत आजारी पडलं, पित्त तुंबलं, की कॉर्टिसॉल मोडण्याचं काम मंदावतं. हेंच यांच्या निरीक्षणाचं सर्वांत पटणारं स्पष्टीकरण हेच आहे. त्या रुग्णाच्या ग्रंथीने काही नवल केलं नव्हतं. त्याच्या यकृताने नेहमीचं काम नीट केलं नाही, एवढंच. विसाव्या शतकातल्या एका मोठ्या औषधाचा माग लागला तो कॉर्टिसॉलची विल्हेवाट अडल्यामुळे.

त्याच संस्थेत एडवर्ड केंडल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. 1914 मध्ये त्यांनी थायरॉइडमधलं थायरॉक्सिन वेगळं केलं होतं. आता गाईबैलांच्या अधिवृक्क ग्रंथी कत्तलखान्यातून मागवून ते त्यातले पदार्थ वेगळे करत होते आणि त्यांना ए, बी, ई, एफ अशी अक्षरं देत होते. स्वित्झर्लंडमध्ये टाडेउश राइखस्टाइन हेच काम करत होते. केंडल यांचं ‘संयुग ई’ म्हणजे कॉर्टिझोन, ‘संयुग एफ’ म्हणजे कॉर्टिसॉल.

1937 मध्ये ड्वाइट इंगल आणि केंडल यांनी ‘सायन्स’मध्ये एक छोटा निबंध छापला. उंदरांना अधिवृक्काचा अर्क मोठ्या प्रमाणात टोचला, तर त्यांच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी सुकतात. बाहेरून पुरवठा झाला की पियुषिकेचा निरोप थांबतो आणि निरोप थांबला की ग्रंथी आक्रसते. औषध म्हणून कॉर्टिझोन एकाही माणसाला दिलं जाण्याच्या अकरा वर्षं आधी, ते ज्यांनी शोधलं त्यांच्याच प्रयोगशाळेत, त्याचा सर्वांत गंभीर धोका लिहून ठेवलेला होता. मला ही गोष्ट या इतिहासात सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

मग युद्ध आलं. जर्मन वैमानिकांना अधिवृक्काचा अर्क देऊन उंचावर उडवतात, अशी अफवा होती. अफवा खोटी होती, पण तिच्यामुळे अमेरिकेत या संप्रेरकांच्या संशोधनाला सरकारी पाठबळ मिळालं. ग्रंथींमधून मिळणारा अंश इतका थोडा की उपचार सोडाच, प्रयोगालाही पुरेना. मर्क कंपनीचे तरुण रसायनशास्त्रज्ञ लुइस सॅरेट यांनी 1944 च्या अखेरीस बैलाच्या पित्तातल्या डीऑक्सिकोलिक आम्लापासून तीसहून अधिक पायऱ्या चढत कॉर्टिझोन बनवलं. पित्ताम्लं शरीरही कोलेस्टेरॉलपासूनच बनवतं, त्यामुळे रेणूचा सांगाडा आयता मिळाला.

21 सप्टेंबर 1948 रोजी हेंच यांनी आमवाताने अंथरुणाला खिळलेल्या 29 वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिझोनचं पहिलं इंजेक्शन दिलं, दिवसाला 100 मिलिग्रॅम. तीन-चार दिवसांत तिचं आखडणं सुटलं. आठवडाभरात ती गावात जाऊन खरेदी करून आली. एप्रिल 1949 मध्ये मेयोच्या डॉक्टरांनी रुग्णांच्या फिल्म दाखवल्या: आधी उठता न येणारी माणसं, नंतर जिने चढणारी. 1950 चं नोबेल केंडल, राइखस्टाइन आणि हेंच यांना मिळालं. पहिल्या इंजेक्शनला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती.

हेंच स्वतः सावध होते. औषध बंद केलं की आजार परततो आणि चालू ठेवलं तर चेहरा गोल होतो, मन अस्थिर होतं, हे त्यांनी पाहिलं होतं. पण वर्तमानपत्रांनी चमत्कार पाहिला होता, आणि दुखणाऱ्या माणसाला थांबायला सांगणं कठीण असतं. त्यात दिवसाला 100 मिलिग्रॅम म्हणजे शरीराच्या स्वतःच्या गरजेच्या कित्येक पट.

सुरुवातीला एका ग्रॅमची किंमत 200 डॉलर होती. ती खाली आली ती वनस्पती आणि बुरशीमुळे. रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतल्या रानटी कंदांतल्या डायोसजेनिनपासून स्टेरॉइड करण्याची वाट 1940 च्या दशकात शोधली होती. 1952 मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरी यांनी दाखवलं की रायझोपस ही साधी बुरशी रेणूच्या अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन एका फटक्यात बसवते. नेमकी तीच पायरी रसायनशास्त्रज्ञांना जड जात होती. ब्रिटनमध्ये ग्लॅक्सोने घायपाताच्या जातीतल्या सिसलच्या टाकाऊ लगद्यापासून कच्चा माल काढला. आपल्याकडे हिमालयातल्या डायोस्कोरिया डेल्टॉइडियावर ही वेळ आली. त्या कंदाची इतकी खोदाई झाली की त्याचं नाव आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत गेलं. स्वस्त गोळीची ही किंमतही नोंदवायला हवी.

1952 मध्येच 1937 चा तो इशारा एका माणसाच्या रूपाने समोर आला. आमवाताचा एक रुग्ण काही महिने कॉर्टिझोन घेत होता. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी औषध थांबवलं गेलं. शस्त्रक्रियेनंतर त्याचा रक्तदाब कोसळला तो वर आलाच नाही. शवविच्छेदनात दोन्ही अधिवृक्क ग्रंथी आक्रसलेल्या होत्या. फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकिगत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापली आणि जगभरच्या भूलतज्ज्ञांनी ‘मागच्या वर्षभरात स्टेरॉइड घेतलंय का?’ हा प्रश्न विचारायला सुरुवात केली. दोन वर्षांनी, 1954 मध्ये, अ‍ॅडिसन विकार असलेल्या एका तरुण अमेरिकन सिनेटरच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली. आधी, दरम्यान आणि नंतर स्टेरॉइड देऊन ती पार पडली, आणि 37 वर्षांचा पुरुष एवढ्याच ओळखीने वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली. तो रुग्ण जॉन केनेडी होता.

कॅन्सरशी या ग्रंथीचं नातंही याच वर्षांतलं. शिकागोचे चार्ल्स हगिन्स यांनी 1952 च्या सुमारास स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये दोन्ही अधिवृक्क ग्रंथीच काढून टाकल्या. या गाठी ज्या संप्रेरकांवर पोसतात त्यांचा एक स्रोत तिथे होता. काही रुग्णांच्या गाठी खरोखर आकसल्या. हे धाडस शक्य झालं ते केवळ कॉर्टिझोन हाताशी होतं म्हणून. ग्रंथी गेल्या तरी माणूस जगवता येत होता. आज तेच काम अरोमाटेज हे संप्रेरक बनवणारं एन्झाइम रोखणाऱ्या आणि अ‍ॅबिराटेरोनसारख्या गोळ्या करतात. अ‍ॅबिराटेरोनबरोबर प्रेडनिसोलोन का लिहून देतात, हे वारज्यातल्या कितीतरी घरांत विचारलं गेलं असेल. उत्तर असं की अ‍ॅबिराटेरोन ग्रंथीतली एक पायरी बंद करतं, कॉर्टिसॉल घटतं, पियुषिका जास्त जोराने निरोप पाठवते आणि मीठ धरून ठेवणारी संप्रेरकं वाढून रक्तदाब चढतो. प्रेडनिसोलोन तो निरोप शांत करतं.

आता रसायनशास्त्रज्ञांनी पुढच्या सहा वर्षांत काय केलं ते पाहू. 1954 च्या आसपास स्क्विबचे योसेफ फ्रीड यांनी नवव्या कार्बनवर फ्लोरिनचा अणू बसवला आणि जोर अनेक पटींनी वाढला. 1955 मध्ये शेरिंगच्या आर्थर नोबिल यांनी जिवाणूंकडून पहिल्या कड्यात एक दुहेरी बंध करून घेतला; ते प्रेडनिसोन आणि प्रेडनिसोलोन. आपल्याकडे आजही ‘वायसोलोन’ म्हणून घराघरांत माहीत असलेली गोळी म्हणजे हे प्रेडनिसोलोनच. 1958 मध्ये या दोन्हींबरोबर सोळाव्या कार्बनवर मिथिल गट बसवून डेक्सामेथासोन आलं, मीठ-पाणी धरून ठेवण्याचा दोष जवळजवळ काढून टाकलेलं.

या बदलांनी रेणू पेशीतल्या ग्राहीला (रिसेप्टरला) घट्ट चिकटतो हे खरं, पण दुसरी बाजूही तितकीच मोठी आहे. यकृत कॉर्टिसॉलचा पहिला कडा मोडतं. तो कडाच नोबिल यांच्या दुहेरी बंधाने कठीण केला. म्हणजे औषध बलवान झालं ते अंशतः शरीराला ते टाकून देता येईना म्हणून. कॉर्टिसॉलचा परिणाम काही तासांत ओसरतो, डेक्सामेथासोनचा दीड-दोन दिवस टिकतो, आणि तेवढा वेळ पियुषिका गप्प असते. कॉर्टिसॉलच्या 20 मिलिग्रॅमचं काम डेक्साचे पाऊण मिलिग्रॅम करतात. आता हिशेब करून पाहा. मेंदूतली सूज उतरवायला दिवसाला 16 मिलिग्रॅम डेक्सा दिलं, तर ते शरीराच्या रोजच्या उत्पादनाच्या वीस पटींहून जास्त होतं.

ती 16 मिलिग्रॅमची मात्रा 1961 मधली आहे. मिनेसोटात गॅलिसिक आणि फ्रेंच यांनी मेंदूच्या गाठीभोवती सूज असलेल्या रुग्णांना आधी 10 मिलिग्रॅम आणि मग दर सहा तासांनी 4 मिलिग्रॅम दिले. गुंगीत गेलेली माणसं एक-दोन दिवसांत बोलू लागली. गाठ तेवढीच होती, सूज उतरली होती. उपशामक उपचाराने हे औषध उचललं ते या अनुभवावर. सिसिली साँडर्स यांनी लंडनला 1967 मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, 1986 मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. अकरा वर्षांनी पुण्याचं केंद्र वारज्यात.

त्याला ज्या कंपनीचं नाव आहे, तिचा इतिहासही या विषयापासून लांब नाही. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी 1935 मध्ये मुंबईत सिप्लाची स्थापना केली. 1970 च्या दशकात कंपनीने दम्यासाठी फवाऱ्याची औषधं आणली, आणि फवाऱ्यातून घ्यायची स्टेरॉइडं हा पुढे तिच्या कामाचा मोठा भाग झाला. फवाऱ्यामागची युक्ती पुन्हा विल्हेवाटीचीच आहे: औषध थेट श्वासनलिकेत मायक्रोग्रॅममध्ये पोचवायचं, आणि जे गिळलं जातं त्यातलं बरंचसं यकृताला निकामी करू द्यायचं. 1984 मध्ये कंपनीने विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कॅन्सरविरोधी औषधं विकसित केली ती पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेबरोबर. पाषाण वारज्याहून फार दूर नाही.

यकृताची ही भूमिका आपल्याकडे विशेष जपून पाहावी लागते, आणि त्याचं कारण क्षयरोग. अ‍ॅडिसन यांच्या काळाप्रमाणे भारतात आजही अधिवृक्क निकामी होण्यामागे क्षय हे महत्त्वाचं कारण आहे. त्यावरचं मुख्य औषध रिफाम्पिसिन यकृतातल्या स्टेरॉइड मोडणाऱ्या एन्झाइमांना जोमाने कामाला लावतं. ज्याची ग्रंथी आधीच अर्धमेली आहे, त्याच्या रक्तातलं कॉर्टिसॉल वेगाने संपतं, आणि उपचार सुरू झाल्यावरच तो कोसळू शकतो. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अशा रुग्णांची नोंद झाली. मेंदूच्या गाठीच्या रुग्णाला झटक्यांसाठी फेनिटोइन दिलं तर ते डेक्साचंही असंच करतं. मात्रा तीच राहते, डोकेदुखी मात्र परत येते.

उलट टोकाला आपलं ज्येष्ठमध आहे. मूत्रपिंडात एक एन्झाइम कॉर्टिसॉलचं निष्क्रिय कॉर्टिझोनमध्ये रूपांतर करतं, नाहीतर कॉर्टिसॉल तिथे अल्डोस्टेरॉनचं काम करू लागेल आणि शरीर मीठ धरून ठेवेल. ज्येष्ठमधातला घटक नेमकं हेच एन्झाइम रोखतो. 1946 मध्ये रेव्हर्स या डच डॉक्टरांनी पोटाच्या व्रणासाठी ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तेव्हा काही रुग्णांच्या अंगावर सूज आली. कारण समजायला चाळीस वर्षं जावी लागली. घशासाठी एखादी कांडी चघळणाऱ्याने घाबरायचं कारण नाही, पण महिनोन् महिने काढा घेणाऱ्या आणि रक्तदाब असलेल्या माणसाने डॉक्टरांना ते जरूर सांगावं.

डेक्सामेथासोन 1977 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, आणि भारतात त्याची पट्टी काही रुपयांत मिळते. 16 जून 2020 रोजी ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला: कोविडमध्ये दिवसाला 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस, दिल्यास व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू एक-तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवरच्यांमधले एक-पंचमांशाने घटतात. ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही, कदाचित अपाय. निष्कर्षाचा पहिला भाग पुण्यात पोचला आणि त्याने जीव वाचवले. दुसरा भाग तितक्या लक्षपूर्वक ऐकला गेला नाही. 2021 च्या दुसऱ्या लाटेत बेड मिळत नसताना घरोघरी, साध्या तापावरही, मोठ्या मात्रेत आणि लांबलेल्या मुदतीने स्टेरॉइडं घेतली गेली. मधुमेही माणसांची साखर भडकली आणि म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात किती डोळे, किती जबडे नेले, हे त्या उन्हाळ्यात इथे राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. त्या दिवसांत घाबरून औषध घेतलेल्या माणसांना मी दोष देत नाही. जे 1937 मध्ये, 1952 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये छापलं गेलं, ते त्यांच्या भाषेत, त्यांच्या हातात कुणी ठेवलं नव्हतं.

म्हणून ‘बंद करू का?’ याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं. औषध काही दिवसांचंच असेल तर साधारणपणे ते एकदम थांबवता येतं. तीन आठवड्यांपुढे गेलं की ग्रंथी झोपली आहे असं धरून चालायचं आणि मात्रा डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे उतरवत न्यायची. झोपलेली ग्रंथी पूर्ण जागी व्हायला कधी महिने लागतात, कधी वर्ष. मधल्या काळात जोराचा ताप, उलट्या, अपघात, दात काढणं, शस्त्रक्रिया यांपैकी काही झालं तर समोरच्या डॉक्टरला पहिल्याच वाक्यात स्टेरॉइडचं सांगायचं, कारण अशा वेळी शरीराला जे जास्तीचं कॉर्टिसॉल लागतं ते ग्रंथी करू शकत नाही. गोळी सकाळी, पोटात काहीतरी घालून घ्यायची. संध्याकाळी घेतली तर रात्र तळमळण्यात जाते. साखर तपासत राहायची. आणि आजार शेवटाकडे गेला, रुग्णाला गिळता येईनासं झालं, तर गोळी आपोआप सुटू द्यायची नाही. मेंदूच्या गाठीमुळे डेक्सा चालू असेल तर तेच औषध त्वचेखालच्या बारीक सुईतून देता येतं, आणि द्यायचं की मात्रा कमी करत थांबवायचं, हा निर्णय डॉक्टर, परिचारिका आणि घरच्यांनी बसून, बोलून घ्यायचा असतो.